लिनियाच्या चाकातले दोन मिलिमीटर

गाडी फियाट लिनिया, १.३ डिझेल, २०११ चं मॉडेल. मालक घोडबंदर रोडवर वाघबीळला राहणारे, बँकेतून निवृत्त झालेले काका. तक्रार एका ओळीची: सत्तरच्या पुढे गेलं की स्टेअरिंग थरथरतं. फेब्रुवारीत गाडी ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या आमच्या गॅरेजला आली, तेव्हा आधी दोन ठिकाणी दाखवून झाली होती. चारही चाकांचं बॅलन्सिंग दोनदा, अलाइनमेंट दोनदा, आणि एका ठिकाणी सांगितलं म्हणून पुढचे दोन टायरही नवे घातलेले. थरथर होती तशीच.

हे प्रकरण सविस्तर लिहितोय, कारण पहिल्या खेपेला दोष मलाही सापडला नाही. तो सापडेपर्यंत काका त्याच चाकांवर रोज सकाळी नातीला शाळेत सोडत होते.

पहिली खेप

गाडी लिफ्टवर घेतली. चाक वर-खाली आणि आडवं हलवून बेअरिंग, बॉल जॉइंट, टाय रॉड बघितले. डाव्या लोअर आर्मचा, म्हणजे चाक धरणाऱ्या खालच्या दांड्याचा, रबरी बुश थोडा गेलेला होता, तो बदलला. चाकं बॅलन्सिंग मशीनवर चढवली तर डावं पुढचं पाच ग्रॅम, उजवं शून्य. म्हणजे तक्रारीला जागाच नाही. अलाइनमेंटचा कागद सगळा हिरवा. तीन हात नाक्यावरून ईस्टर्न एक्स्प्रेस हायवेला लागून मुलुंड टोल नाक्यापर्यंत चालवून बघितली. थरथर होती, पण आलेली तेव्हापेक्षा बरीच कमी. जॉब कार्डवर मी लिहिलं, ‘बुश बदलला, फरक आहे’.

फरक बुशमुळे पडला नव्हता. चाकं काढून पुन्हा लावताना ती योगायोगाने जरा बरी बसली होती, एवढंच. चाक काढून लावलं की थरथर दरवेळी वेगळी होत असेल, तर दोष चाक बसण्यातच आहे हे मला तेव्हाच सुचायला हवं होतं. काकांनी आणखी एक गोष्ट सांगितली होती. ‘दिवाळीपासून सुरू झालंय हे.’ दिवाळीत काय झालं असं विचारल्यावर म्हणाले, मुलाने अलॉय व्हील घालून दिले. मी फक्त टायरचा साइज बघितला. १९५/६० आर १५, गाडीला मूळचा तोच. तिथेच थांबलो.

स्टेपनी

मार्चमध्ये एका संध्याकाळी काकांचा फोन आला. ‘अहो, मुलुंडला पंक्चर झालं, पुढे डाव्या बाजूला स्टेपनी लावली. गाडी कशी लोण्यासारखी चाललीय! ऐंशीला गेलो, स्टेअरिंग शांत.’ मी म्हटलं, ‘काका, स्टेपनी तशीच राहू द्या आणि उद्या गाडी घेऊन या.’ पण पंक्चर निघाल्यावर पंक्चरवाल्याने अलॉय परत चढवून दिलं. स्टेपनीवर फिरायचं नसतं असं ऐकलेलं, म्हणून काकांनीही चढवू दिलं. त्यांची चूक म्हणता येणार नाही.

त्यानंतर तिसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा फोन. मानपाड्याच्या पुढे गाडी हळू झाली की पुढून टक टक आवाज येतोय. मी विचारलं, आवाज चाकाच्या फिरण्याबरोबर जलद-सावकाश होतो का? हो म्हणाले. ‘काका, गाडी आहे तिथेच बाजूला घ्या. एक फूटही पुढे नेऊ नका. मी येतो.’

पातलीपाड्याजवळ सर्व्हिस रोडला गाडी उभी होती. डाव्या पुढच्या चाकाला पाना लावला. चारपैकी दोन बोल्ट जोर न लावता फिरले, तिसरा पाव आटा सरकला, चौथा घट्ट. हे चाक तीन दिवसांपूर्वी बसवलेलं, त्यावर शंभर किलोमीटरसुद्धा झालेले नव्हते. गाडीत नात नव्हती, त्या दिवशी शाळेला सुट्टी होती.

स्टेपनी लावायला घेतली आणि तिथे, जॅकशेजारी उकिडवं बसल्या बसल्याच, मला उलगडा झाला. स्टेपनीचे बोल्ट नुसत्या बोटांनी शेवटपर्यंत आत गेले. तेच बोल्ट अलॉयमधून दोन-तीन आटे गेले की अडकायचे आणि पुढे पाना लागायचा. आटे खराब असते तर स्टेपनीलाही अडकले असते. म्हणजे भोकं एकमेकांसमोर येतच नव्हती.

मोजमाप

चाकाच्या बोल्टच्या सगळ्या भोकांच्या मध्यातून जाणारं एक वर्तुळ कल्पा. त्याचा व्यास म्हणजे पीसीडी. चार भोकं आणि १०० मिलिमीटरचं वर्तुळ असेल तर ४×१०० असं लिहितात. लिनियाचं हब, म्हणजे ज्यावर चाक बोल्टने बसतं तो भाग, ४×९८ आहे. व्हर्निअरने मोजलं, तेवढंच आलं. अलॉयच्या मागच्या बाजूचा चिखल आणि जुन्या वजनांचा डिंक खरवडल्यावर आऱ्याच्या पाठीवर उमटवलेला आकडा दिसला: ४×१००.

फरक दोन मिलिमीटरचा, काडेपेटीतल्या काडीच्या जाडीएवढा. प्रत्येक भोकाच्या वाट्याला तर एकच मिलिमीटर येतो. हाच या प्रकरणाचा गाभा आहे. फोर्डच्या फिगोचं चाक ४×१०८ असतं. ते कुणी लिनियाला लावायला गेलं तर पहिलाच बोल्ट जाणार नाही आणि गोष्ट तिथेच संपेल. जे चाक बसतच नाही त्याने कुणाचा जीव जात नाही. दोन मिलिमीटरवालं चाक मात्र बसल्यासारखं दिसतं. बोल्ट १२ मिलिमीटरचा, अलॉयचं भोक आम्ही मोजलं तर साडेचौदा. प्रत्येक बाजूला सव्वा मिलिमीटर मोकळं. एक मिलिमीटरची चूक त्यात सहज मावते. बोल्ट थोडा तिरका होऊन आत जातो आणि वरून न्यूमॅटिक गन मारली की पुढचं काहीच हाताला कळत नाही. लिनियाला हबवर स्टड नाहीत, बाहेरून बोल्ट येतात, त्यामुळे स्टडवर चाक सरकवताना जो अडथळा जाणवला असता तोही नाही.

आणखी एक पहारेकरी होता, तोही आधीच निघून गेलेला. हबच्या मध्यभागी जो गोल उंचवटा असतो तो लिनियाला ५८.१ मिलिमीटरचा. स्विफ्ट, आय-२०, होंडा सिटी या गाड्या ४×१०० च्याच, पण त्यांच्या कंपनीच्या चाकांचं मधलं भोक ५४.१ किंवा ५६.१. त्यातलं कुठलंही चाक लिनियाच्या हबवर चढलंच नसतं. पण बाजारात मिळणाऱ्या अलॉयला मधलं भोक मुद्दाम मोठं ठेवतात, म्हणजे एकच चाक अनेक गाड्यांना चालतं. या अलॉयचं ७३.१ होतं. अशा चाकात हबच्या मापाची रिंग बसवायची असते, म्हणजे चाक हबवर मध्यात बसतं. इथे रिंग नव्हती. पंधरा मिलिमीटरच्या त्या पोकळीत चाक मध्यात धरून ठेवायला फक्त बोल्टच्या डोक्याखालचे निमुळते शंकू उरले, आणि ते चारही चुकीच्या जागी.

मुलाला मी दोष देत नाही. तो ऐरोलीला कंपनीत आहे, वडिलांना दिवाळीला काहीतरी चांगलं द्यावं म्हणून त्याने जुन्या मालाच्या बाजारात सेट बघितला. चार भोकं, पंधरा इंच, टायर तोच बसतो, एवढं त्याने तपासलं होतं. लिनिया बंद होऊन वर्षं झाली, ४×९८ चे अलॉय सहज मिळत नाहीत आणि ४×१०० चे हवे तेवढे मिळतात. विकणारा ‘फियाटला बसतात, खूप जणांनी घातलेत’ म्हणाला. बसवणाऱ्याने मोजायला हवं होतं. हातात गन असलेल्याचं ते काम आहे, गिऱ्हाइकाचं नाही. चार मिनिटांचं काम.

डायल गेज काय म्हणाला

हबवर लावलेल्या अवस्थेत रिमच्या कडेला डायल गेज, म्हणजे बारीक हालचाल काट्यावर दाखवणारं माप, टेकवून चाक हाताने फिरवलं. डावं पुढचं चाक १.६ मिलिमीटर वर-खाली होत होतं. मग बोल्ट सोडून, आधी दुसराच बोल्ट आवळून, पुन्हा बसवलं. वर-खाली जवळपास तेवढंच, पण उंच जागा हलली. ज्या बोल्टला आधी आवळलं त्याच्या बरोबर समोर ती येत होती. तिसऱ्यांदा केलं, तिसऱ्यांदाही तसंच. याहून साफ पुरावा नको. पहिला बोल्ट आपला शंकू आपल्या भोकात बसवून घेतो, त्यासाठी अख्खं चाक एक मिलिमीटर सरकवतो, आणि समोरच्या बोल्टच्या नशिबी मग एकाऐवजी दोन मिलिमीटर येतात. तो आवळताना चाकाला थोडं मागे ओढतो, म्हणून पूर्ण दोनऐवजी १.६.

बॅलन्सिंग मशीनवर मात्र हेच चाक निर्दोष, कारण मशीन चाकाला मधल्या भोकातून शंकूने पकडते. मशीनसाठी चाकाचा मध्य मधल्या भोकात आहे. गाडीवर तो मध्य हबच्या मध्यापासून ०.८ मिलिमीटर बाजूला होता. टायरसकट चाक साधारण सोळा किलोचं. सोळा किलो ०.८ मिलिमीटर सरकणं म्हणजे रिमच्या कडेला एका बाजूला सुमारे ६५ ग्रॅमचं शिसं चिकटवल्यासारखं आहे, आणि त्याशिवाय टायरही रस्त्यावर समान गोल फिरत नाही. मशीनवर आम्ही पाच ग्रॅमवरून वाद घालत होतो. ताशी ८० ला हे चाक सेकंदाला साडेअकरा वेळा फिरतं. स्टेअरिंगवर काकांना तेच जाणवत होतं.

बोल्ट

थरथर हा तक्रारीचा भाग झाला, पण भीतीचं कारण बोल्टमध्ये होतं. ते पुसून उजेडात धरले. बोल्टच्या डोक्याखालचा शंकू चाकाच्या भोकातल्या शंकूवर पूर्ण वर्तुळभर टेकला तर चकचकीत पट्टा सगळीकडे सारखा दिसतो. इथे प्रत्येकावर एका बाजूला चंद्रकोर आणि दुसऱ्या बाजूला मूळचा काळपट रंग. डाव्या पुढच्या चाकाचा एक बोल्ट काचेवर लोळवला तर हेलकावे खात होता, वाकलेला. ज्या भोकातून तो निघाला त्या हबच्या भोकातले पहिले काही आटे ओढले गेले होते.

चाक बोल्टवर लटकत नाही. बोल्ट चाकाला हबवर दाबून धरतो आणि त्या दाबाखालचं घर्षण चाकाला जागेवर ठेवतं. १२ मिलिमीटरचा बोल्ट ९० न्यूटन मीटरला आवळला तर साधारण साडेतीन टनांचा दाब देतो. चार बोल्टचे मिळून चौदाएक टन. पण हे आटे स्वच्छ आणि शंकू पूर्ण टेकलेला असेल तर. एरवीही आवळण्याची बहुतेक ताकद डोक्याखालच्या आणि आट्यांतल्या घर्षणातच जाते, जेमतेम दहावा हिस्सा बोल्ट ताणायला मिळतो. शंकू एका कडेने घासत असेल, बोल्ट तिरका ओढला जात असेल, तर त्या दहाव्या हिश्शालाही कात्री लागते. टॉर्क रेंच, म्हणजे ठरलेला जोर आला की वाजणारा पाना, ‘कट’ म्हणतो, आपण समाधानाने पुढच्या बोल्टकडे वळतो, आणि दाब मात्र आलेलाच नसतो. मग चाक हबवर केसभर सरकायला लागतं. एका किलोमीटरला हे चाक ५१८ वेळा फिरतं, म्हणजे हजार किलोमीटरला पाच लाखांवर. प्रत्येक फेरीला बोल्ट एकदा या बाजूला आणि एकदा त्या बाजूला वाकवला जातो. लोखंडी तार मागेपुढे वाकवून आपण तोडतो, तोच प्रकार. घोडबंदरचे पावसाळ्यातले खड्डे अजून यायचे होते.

आणखी एक गोष्ट शेवटी लक्षात आली, जी पीसीडी जुळलं असतं तरी घातकच होती. बोल्ट गाडीचे मूळचेच होते आणि अलॉय मूळच्या चाकापेक्षा जाड. स्टेपनीतून बोल्ट दहा आटे आत जात होता, म्हणजे दर आट्याला सव्वा मिलिमीटर धरून साडेबारा मिलिमीटर. अलॉयमधून फक्त सहा, साडेसात मिलिमीटर. बोल्टच्या जाडीएवढी तरी पकड हबमध्ये हवी असा आम्ही नियम धरतो.

पर्याय

शनिवारी काका आणि त्यांचा मुलगा दोघंही आले. मुलगा आल्या आल्याच म्हणाला, ‘दादा, यांना काही झालं असतं तर…’ आणि वाक्य सोडून दिलं. काका म्हणाले, ‘झालं नाही ना? आता पुढचं बोल.’

पुढचं असं होतं. दिवाळीत चारही जुनी लोखंडी चाकं दुकानदाराने बदल्यात घेतली होती, उरली होती फक्त स्टेपनी. मुलाने वाचून आणलं होतं की सरकत्या शंकूचे बोल्ट मिळतात. मिळतात, हे खरं. त्यात शंकू बोल्टपासून सुटा असतो, तो दोनएक मिलिमीटरचा पीसीडीचा फरक सांभाळून घेतो आणि बोल्ट सरळच राहतो. युरोपात ९८ च्या हबवर १०० चं चाक लावायला ते वापरतात. चांगल्या पोलादाचे, योग्य लांबीचे, आणि सोबत हबची रिंग असेल तर मी ही वाट सरसकट बाद करत नाही. पण आम्हाला जे बोल्ट दाखवण्यात आले त्यांच्या डोक्यावर ताकदीचा ग्रेड सांगणारा आकडाच नव्हता. शिवाय या अलॉयच्या भोकातले शंकू चार महिन्यांत एका बाजूला घासून लंबगोल झाले होते. त्यात कुठलाही बोल्ट नीट टेकला नसता.

अडॅप्टर प्लेट लावायची तर ती निदान पंधरा-वीस मिलिमीटर जाड लागते. चाक तेवढं बाहेर येतं, बेअरिंगवरचा भार वाढतो, स्टेअरिंगचा स्वभाव बदलतो. नको म्हटलं. आणि एका ठिकाणी त्यांना ‘होल थोडे खरवडून देतो, नाहीतर वेल्डिंग करून नवीन मारून देतो’ असं सांगितलं होतं. हे ऐकून मी काकांसमोर आवाज चढवला, त्याबद्दल नंतर माफी मागितली. ओतीव ॲल्युमिनियमच्या चाकाला वेल्डिंगची उष्णता दिली की त्या जागेची ताकद जाते, आणि ती जागा म्हणजे बोल्टची बैठक. असं चाक तडकताना आधी सांगत नाही. कंपनीने दिलेल्या मापापासून गाडी बदलण्याला मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आड येतं, ते वेगळंच.

राहिला एकच रस्ता: ४×९८ ची चाकं शोधायची. लिनिया ठेवणारी माणसं एकमेकांना धरून असतात. काकांच्या मुलाने आठवड्याभरात कंपनीच्या मूळ अलॉयचा एक जुना सेट मिळवला. आम्ही चारही चाकं उघडी करून तडे बघितले, मशीनवर फिरवून रिम बघितली. एक वाकडं निघालं, ते परत करून दुसरं मागवलं. डावं हबही बदललं. ओढलेल्या आट्यांत टॅप (आटे पुन्हा पाडायचं हत्यार) फिरवून काम भागेल असं गॅरेजमधल्या पोराचं म्हणणं होतं. चाकाच्या बोल्टच्या बाबतीत मला ते चालत नाही. बोल्ट सोळाच्या सोळा नवे.

बसवणं

हबच्या चेहऱ्यावरचा गंज तारेच्या ब्रशने काढला. चाक हातानेच हबच्या उंचवट्यावर सरकवलं. ते बोल्टशिवायही तिथे थांबलं, तेव्हा काकांनी मान डोलवली. चारही बोल्ट बोटांनी शेवटपर्यंत, कुठे अडकला तर थांबायचं. मग समोरासमोर या क्रमाने अर्धा टॉर्क चाक हवेत असताना, आणि गाडी खाली घेऊन पूर्ण. गन नाही, आट्यांना ग्रीस नाही. डायल गेजवर डावं पुढचं चाक ०.३ मिलिमीटर. मुलुंड टोल नाक्यापर्यंतची तीच फेरी यावेळी काकांनी स्वतः चालवली. शंभर किलोमीटरनंतर बोल्ट तपासायला बोलावलं, एकही हलला नव्हता.

तेव्हापासून आमच्याकडे बाहेरून आलेलं प्रत्येक चाक आधी मोजलं जातं. चार भोकांचं सोपं: एका भोकाच्या बाहेरच्या कडेपासून समोरच्या भोकाच्या आतल्या कडेपर्यंत जे येईल तेच पीसीडी. पाच भोकांना बरोबर समोर भोक नसतं, म्हणून शेजारच्या दोन भोकांच्या मध्यांतलं अंतर घेऊन १.७ ने गुणायचं. ५×११२ ला ते अंतर ६५.८ येतं, ५×११४.३ ला ६७.२. जेमतेम १.४ मिलिमीटरचा हा फरक पट्टीने कळत नाही, व्हर्निअरच लागतो. ऑक्टाव्हियाची चाकं ११२ ची, इनोव्हा आणि क्रेटाची ११४.३ ची, आणि ‘बसतात’ म्हणणारे इथेही भेटतात. ११४.३ हा विचित्र आकडा म्हणजे साडेचार इंच आहेत. इंचांच्या काळातलं माप मिलिमीटरमध्ये लिहिलं गेलं, म्हणून तो जर्मन ११२ च्या इतका जवळ येऊन पडला.

काढलेल्या अलॉयना गिऱ्हाईक होतं. एकाने फोनवर बरी किंमतही सांगितली. मुलाने विचारलं, ‘४×१०० च्या गाडीला तरी चालतील का?’ मी त्याला लंबगोल झालेले शंकू दाखवले. त्याने थोडा वेळ बघितलं आणि म्हणाला, ‘कापून टाका.’ ग्राइंडरने आऱ्या कापून चारही चाकं किलोच्या भावाने दिली. आकडा उमटलेला एक तुकडा आम्ही बॅलन्सिंग मशीनच्या शेजारी टांगून ठेवलाय. नवा पोरगा कामाला आला की आधी तो त्याच्या हातात देतो, आणि मग व्हर्निअर.